घरापासून दूर शिकणारे मूल आणि कुटुंबाचा अनुबंध

पालकत्व आणि सहजीवन यांविषयी मानसशास्त्रज्ञ जो सल्ला देतात, त्यात आई, वडील आणि मूल रोज संध्याकाळी एका छपराखाली येतात हे बहुधा गृहीत धरलेले असते. परंतु जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात, मढपासून माळशेज घाटाकडे पसरलेल्या वाड्यावस्त्यांवर, अनेक घरांत हे गृहीतच लागू पडत नाही. महादेव कोळी आणि ठाकर समाजाची वस्ती असलेल्या या भागात पावसाळ्यातील भाताचे एक पीक, हिरडा गोळा करून मिळणारे चार पैसे आणि उरलेल्या काळात पूर्वेकडच्या बागायती गावांतील मजुरी यांवर संसार चालतो. त्यामुळे मूल सहा वर्षांचे झाले की अनेक आईवडील त्याला आश्रमशाळेत, म्हणजे आदिवासी विकास विभागाच्या किंवा त्याच्या अनुदानावर चालणाऱ्या निवासी शाळेत, दाखल करतात. या भागातील अशा शाळांचा कारभार घोडेगावच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडून पाहिला जातो. मुलाला दोन वेळचे जेवण मिळावे, मजुरीच्या हंगामात त्याची शाळा बुडू नये आणि त्याचे आयुष्य आपल्यापेक्षा सुकर व्हावे, या विचाराने घेतलेल्या या निर्णयाला मायेचा अभाव म्हणणे सर्वस्वी अन्यायाचे आहे. मात्र अशा कुटुंबाला मानसशास्त्राने काय सांगावे, हा प्रश्न आपल्याकडे फारसा कुणी विचारत नाही.

या प्रश्नाच्या मुळाशी ‘अनुबंध’ ही संकल्पना आहे. भीती वाटली, दुखले-खुपले किंवा अनोळखी जागी आल्यावर मूल ज्या ठरावीक व्यक्तीकडे धाव घेते, तिच्याशी असलेल्या त्याच्या नात्याला मानसशास्त्रात अनुबंध म्हणतात. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी (1907–1990) यांनी 1951 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात असे मांडले की मातेच्या किंवा मातेची जागा घेणाऱ्या व्यक्तीच्या सततच्या, जिव्हाळ्याच्या सहवासाची गरज लहान मुलाला अन्नाइतकीच असते. लंडनच्या सधन घरात वाढलेल्या बोल्बींना दिवसातून जेमतेम तासभर आई भेटत असे, जिने त्यांना सांभाळले ती दाई ते चार वर्षांचे असताना काम सोडून गेली, आणि पुढे लहान वयातच त्यांची रवानगी निवासी शाळेत झाली; त्यामुळे ज्या दुःखाचा त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला ते त्यांनी स्वतः सोसलेले होते, हे लक्षात घेतले पाहिजे.

त्यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी 1952 मध्ये दोन वर्षांच्या एका मुलीच्या रुग्णालयातील आठ दिवसांचे चित्रीकरण केले, आणि आईपासून दुरावलेल्या लहान मुलाची अवस्था तीन टप्प्यांतून जाते असे दाखवले: आधी आक्रोश, मग हताशपणा आणि शेवटी अलिप्तता. हा तिसरा टप्पा सर्वांत फसवा असतो, कारण मूल रडायचे थांबते, जेवते, खेळते आणि पाहणाऱ्याला ते रुळले असे वाटते. प्रत्यक्षात आईची वाट पाहण्याचे दुःख सहन होईनासे झाल्यामुळे त्याने ती वाट पाहणेच सोडून दिलेले असते. त्या काळी ब्रिटनमध्ये आईवडील भेटून गेले की मूल रडते, म्हणून भेटीच मोजक्या ठेवण्याचा रुग्णालयांचा रिवाज होता. रॉबर्टसन यांच्या कामानंतर वातावरण बदलत गेले आणि 1959 च्या प्लॅट समितीने आईवडिलांना मुलाजवळ येण्याची मुभा कोणत्याही वेळी असावी, अशी शिफारस केली. भेटीनंतरचे रडणे हे नाते शाबूत असल्याचे चिन्ह आहे, ही गोष्ट आजही अनेक वसतिगृहांना उमगलेली नाही.

दिवाळीच्या सुट्टीत घरी आलेल्या पहिलीतल्या मुलाचे वागणे पाहिले की या टप्प्यांचा अर्थ कळतो. भाताची कापणी अर्धवट टाकून आई धावत येते, पण मूल तिच्याकडे न जाता ओट्याच्या कडेला उभे राहते, विचारलेल्याला एका शब्दात उत्तर देते आणि थोड्या वेळाने आजीच्या मागे घरात शिरते. मग दोन दिवसांनी तेच मूल आईचा पदर सोडायला तयार होत नाही, रात्री तिला कुशीवरही वळू देत नाही आणि परत जायचा दिवस जवळ आला की त्याचे पोट दुखू लागते. पहिल्या दिवशी ‘लेकरू परकं झालं’ म्हणून आईला लागते आणि शेवटच्या दिवशी ‘लाडावलंय’ म्हणून बाप रागावतो; वास्तविक दोन्ही वागण्यांचे कारण एकच असते. अशा वेळी मुलाला न टोकता, पहिल्या दिवशी त्याच्याजवळ नुसते बसावे आणि नंतरचे चिकटणे मुकाट्याने स्वीकारावे. काही दिवसांत ते आपोआप सैल होते.

सहा वर्षांचे मूल आणि रॉबर्टसन यांनी पाहिलेले दोन वर्षांचे मूल यांत मोठा फरक आहे, हेही सांगितले पाहिजे. सहाव्या वर्षी मुलाला भाषा आलेली असते, उद्या आणि परवा कळतात, आणि समोर नसलेल्या आईची आठवण त्याला मनात धरून ठेवता येते. म्हणून या वयात दिलेल्या शब्दाला विलक्षण किंमत असते. ‘बाजाराला जाऊन येतो’ असे खोटे सांगून निघून जाणारा बाप त्या दिवसाचे रडणे टाळतो, पण पुढे त्याच्या कुठल्याच निरोपावर मूल विश्वास ठेवत नाही. त्यापेक्षा केव्हा येणार ते सांगून, रडू देऊन, उघडपणे निरोप घ्यावा, आणि सांगितलेला दिवस पाळावा. महिन्यातून एकदाच येणे शक्य असेल तर एकदाच यावे, मात्र ते ठरलेले असावे. ठरल्या वारी ठरल्या वेळी येणारा फोनही मुलाला पुष्कळ आधार देतो.

मेरी एन्स्वर्थ यांनी 1954–55 मध्ये युगांडातील खेड्यांत केलेल्या निरीक्षणांतून असे दिसले की मूल आईखेरीज घरातील इतरांशीही अनुबंध जोडते. आजी, चुलती, आत्या यांच्या मांडीवर वाढलेल्या मढ परिसरातील मुलांच्या बाबतीत ही मोठीच जमेची बाजू आहे, आणि तिचा उपयोग वसतिगृहालाही करून घेता येतो. दुसऱ्या महायुद्धात ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी लंडनमध्ये चालवलेल्या बालगृहात सुरुवातीला सर्व मुलांना सर्वजणी मिळून सांभाळत. पुढे चार-पाच मुलांमागे एक कायमची सांभाळणारी असे छोटे गट केल्यावर मुले आधी रडली-भांडली, पण लवकरच त्यांचे बोलणे आणि स्वच्छतेच्या सवयी झपाट्याने सुधारल्या. आपल्या वसतिगृहांत एका अधीक्षकाकडे किंवा अधीक्षिकेकडे इतकी मुले असतात की प्रत्येकाला ‘आपले’ असे मोठे माणूस मिळणे अशक्य होते. तरीही पहिली-दुसरीतल्या मोजक्या मुलांची जबाबदारी एकेका स्वयंपाकीणबाईंकडे, कामाठीकडे किंवा शिक्षिकेकडे नावानिशी सोपवणे खर्चाचे काम नाही.

नवराबायकोच्या नात्याचाही येथे थेट संबंध येतो. मायकेल रटर यांनी 1972 मध्ये बोल्बींच्या मांडणीची फेरतपासणी करताना दाखवून दिले की मुलाच्या पुढील वागण्यातील बिघाडाचा संबंध नुसत्या ताटातुटीपेक्षा घरातील कलहाशी अधिक असतो. अमेरिकेतील मार्क कमिंग्ज यांच्या संशोधनानुसार आईवडील भांडले आणि मुलासमोरच त्यांचा समेट झाला, तर मुलाची अस्वस्थता बरीच निवळते. मुलाला निवासी शाळेत घातल्यावर ‘तूच पाठवलंस’ हा आरोप अनेक घरांत वर्षानुवर्षे धुमसत राहतो, आणि सुट्टीत आलेल्या मुलाच्या कानावर तो पडला की आपल्यामुळे घर मोडते आहे असे त्याला वाटू लागते. म्हणून प्रवेशाआधीच दोघांनी निर्णय एकमताने घ्यावा आणि मुलाला तो दोघांनी मिळून सांगावा.

याच महाराष्ट्रात निवासी शाळेहून वेगळी वाटही चोखाळली गेली आहे. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केले, 1957 मध्ये ते कोसबाडला हलवले, आणि अनुताई वाघ यांच्यासह वारली पाड्यांच्या अंगणात बालवाडी आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा नेली. शाळेने मुलाच्या दारात जावे हा त्यांचा विचार अधिक खरा होता, आणि निदान पहिली दोन-तीन वर्षे तरी वाडीवरची शाळा टिकवणे हेच शासनाचे पहिले कर्तव्य आहे.

ते होईपर्यंत एक अडचण मात्र तातडीने ध्यानात घ्यावी लागेल. शाळा जूनच्या मध्यावर उघडते आणि त्याच सुमारास भाताच्या पेरणीची, पुढे जुलैत आवणीची धांदल सुरू होते. म्हणजे नव्या मुलाचे सर्वांत अवघड आठवडे आणि आईवडिलांचे सर्वांत गडबडीचे आठवडे एकच असतात. पालकांनी रोपे आवणीला येण्यापूर्वी एक दिवस काढून मुलाला भेटून यावे, आणि शाळांनीही ‘मूल रडते’ या कारणास्तव पहिल्या महिन्यातील भेटी बंद ठेवण्याची पद्धत यंदापासूनच सोडून द्यावी.