शहाण्णव टक्के आणि यवतमाळ

एप्रिल 2023 मध्ये भारतीय हवामान विभागाने देशात सरासरीच्या 96 टक्के पावसाचा अंदाज दिला आणि सप्टेंबरअखेर पाऊस झाला 94 टक्के. पाच टक्क्यांची मुभा धरली तर अंदाज खराच ठरला. पण त्याच हंगामात 22 जुलैला यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पुराने वेढले, अडकलेल्यांसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टर मागवावी लागली; आणि पाठोपाठचा ऑगस्ट 36 टक्के तुटीसह देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. कपाशी-सोयाबीनच्या कोरडवाहू शेताला हंगामाची बेरीज कळत नाही. अंदाज काढणाऱ्या हवामान मॉडेलची परीक्षा घ्यायची तर पावसाने उघडीप कधी दिली आणि ती किती लांबली, हे त्याला आधी दिसले का, यावर घ्यावी.

बेरीज जमते ती समुद्राच्या संथपणामुळे. समुद्राचे तापमान सावकाश बदलते, म्हणून त्याच्या आधारे महिनोन्‌महिने पुढचे सांगता येईल, असे चार्नी आणि शुक्ला यांनी 1981 मध्ये मांडले. मात्र प्रशांत महासागर तापून मान्सूनला सहसा मारक ठरणारा एल निनो 1997 मध्ये विसाव्या शतकातल्या अतितीव्रांपैकी एक असूनही देशात 102 टक्के पाऊस झाला, तर 2002 मध्ये त्याहून सौम्य एल निनोत 81 टक्केच. त्या वर्षीचा जुलै तर जवळपास निम्म्यावर आला. 1997 चा खुलासा करताना हिंदी महासागराच्या द्विध्रुवाकडे, म्हणजे त्याच्या पश्चिम-पूर्व भागांतल्या तापमानाच्या फरकाकडे, बोट दाखवले जाते. पण मॉडेलमध्ये मुळातच एक खोट होती. समुद्राचे तापमान बाहेरून भरून दिले की मॉडेल उबदार पाण्यावर पाऊस पाडून मोकळे होई. प्रत्यक्षात ढग ऊन अडवतात, वारा पाणी घुसळतो आणि समुद्र थंडावतो; हुकूम दोन्ही बाजूंनी चालतो. बिन वांग व सहकाऱ्यांनी 2005 मध्ये ही चूक उघड दाखवली. 2012 च्या मान्सून मिशनमध्ये पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने समुद्र आणि वातावरण एकत्र जोडणारे अमेरिकी मॉडेल घेऊन आपल्या मान्सूनसाठी घडवले, ते याचसाठी.

जोडणी झाली तरी दुखणे उरलेच. अनेक मॉडेलांत अरबी समुद्र वाजवीपेक्षा थंड आणि मध्य भारत कोरडा निघतो. बंगालच्या उपसागरात नद्यांच्या गोड्या पाण्याचा हलका थर वर राहतो, खालच्या पाण्याशी चटकन मिसळत नाही. हा थर चुकला की कमी दाबाच्या क्षेत्रांचा हिशेबही बिघडतो. ओडिशा-छत्तीसगडवरून सरकत येणारी हीच क्षेत्रे विदर्भात पाऊस आणतात. मॉडेल ज्या घरांत नकाशा विभागते ती चौकट बारीक केली की भागेल, असे कोणी म्हणेल. शंभर किलोमीटरच्या चौकटीत 13,582 चौरस किलोमीटरचा यवतमाळ जिल्हा जेमतेम दीड घरही व्यापत नाही, तेव्हा मागणी रास्त आहे. 2025 मध्ये आलेली भारत फोरकास्ट सिस्टिम सहा किलोमीटरपर्यंत उतरली आहे. पण उपसागरच चुकीचा असेल तर बारीक चौकट चुकीचा पाऊस फक्त अधिक रेखीव काढते.

दुसरा आक्षेप अधिक धारदार आहे: पुढचा महिना न सांगणारी मॉडेले शतकाअखेरचे काय सांगणार? हे दोन प्रश्न वेगळे आहेत. हवा तापली की ती अधिक बाष्प धरते आणि अतिवृष्टीला बळ मिळते, हे भौतिकीतून येते. त्यासाठी 22 जुलैची तारीख कळावी लागत नाही. मात्र त्याच मॉडेलांतून यवतमाळमधल्या पुसद किंवा वणीचा 2080 चा पाऊस मिलिमीटरात काढून योजना आखणे, हा निव्वळ उतावळेपणा. आज खरा उपयोग मधल्या पल्ल्याचा आहे. विषुववृत्ताकडून उत्तरेला सरकणाऱ्या ढगांच्या पट्ट्यांची फेरी साधारण 30 ते 60 दिवसांची असते, त्यामुळे दोन-तीन आठवडे आधी उघडीप ओळखण्याला शास्त्रीय आधार आहे. हवामान विभाग असा विस्तारित अंदाज दर गुरुवारी देतो. तो तालुक्यापुरता नेमका नसतो, पण मृगाच्या पहिल्या सरींवर पेरून दुबार पेरणी ओढवून घ्यायची की आठवडाभर थांबायचे, हे ठरवायला एप्रिलच्या टक्केवारीपेक्षा तोच कामाचा.