वाशो ते कान्झी

चिंपांझीला बोलतं करायचा खटाटोप वाशो या प्रसिद्ध चिंपांझीच्याही आधीचा. अमेरिकेतल्या हेज दांपत्याने व्हिकी नावाचं पिल्लू पोटच्या पोरीसारखं वाढवलं, पण तिच्या तोंडून जेमतेम चार शब्द फुटले. मग १९६६ मध्ये गार्डनर पतिपत्नींनी नेवाडात वेगळी वाट धरली. जीभ वळत नसेल, पण हात तर वळतात! कर्णबधिरांची खुणांची भाषा त्यांनी वाशोला शिकवली आणि ती शंभराहून अधिक खुणा शिकली.

न्यूयॉर्कच्या हर्बर्ट टेरेस यांनाही मोठी आशा होती. १९७३ मध्ये त्यांनी हाती घेतलेल्या पिल्लाचं नावच निम चिम्प्स्की. भाषा फक्त माणसाचीच म्हणणाऱ्या भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कींना ते उघड आव्हान होतं. निम सव्वाशे खुणा शिकला. पुढे चित्रफिती बारकाईने पाहताना मात्र टेरेसना दिसलं, की त्यातल्या कितीतरी खुणा शिक्षकाने नुकत्याच केलेल्या खुणांची नक्कल आहेत. मुलांची वाक्यं वाढतात तसा त्यांतला आशयही वाढतो. निमचं सगळ्यात लांब वाक्य सोळा खुणांचं, आणि त्यात मागणं एकच: संत्रं दे. मूल चांदोबाकडे बोट दाखवतं ते तो हवा म्हणून नव्हे, तर आपण पाहिलेलं दुसऱ्यानेही पाहावं म्हणून. ही ओढ निममध्ये दिसली नाही. टेरेसनी १९७९ मध्ये हे जाहीरपणे मांडलं. त्यांचा हा प्रामाणिकपणा मला मोलाचा वाटतो. पण माणसांत वाढलेल्या निमची रवानगी पुढे वैद्यकीय प्रयोगशाळेच्या पिंजऱ्यात झाली. ओरड झाली म्हणून तो सुटला. ज्ञानासाठी दिलेली ही किंमत मला आजही मान्य नाही.

कान्झी या बोनोबोची, म्हणजे चिंपांझीच्या जवळच्या भाईबंदाची, गोष्ट निराळी. शब्दांसाठी चिन्हं असलेल्या फलकाची शिकवणी त्याच्या दत्तक आईची, मताताची. ती फारसं शिकली नाही, हा शेजारी खेळता खेळता शिकला. पुढे ६६० तोंडी सूचनांपैकी ७२ टक्के त्याने बरोबर पाळल्या. दोन वर्षांच्या मुलीने ६६ टक्के. त्याला उमगायचं पुष्कळ. स्वतः सांगताना मात्र तो एकदोन चिन्हांपुढे क्वचितच जाई.

माझ्या मते खरी भर घातली ती ही शिकवणी सोडून रानात गेलेल्या संशोधकांनी. केनियातल्या अंबोसेलीत व्हर्व्हेट माकडांच्या इशाऱ्यांची ध्वनिमुद्रणं वाजवली गेली. बिबट्याच्या इशाऱ्याला ती झाडावर पळाली, गरुडाच्या इशाऱ्याला त्यांनी वर पाहिलं, सापाच्या इशाऱ्याला खाली गवतात. हे १९८० मध्ये प्रसिद्ध झालं. २०२५ च्या मार्चमध्ये कान्झी वारला. पुढच्याच महिन्यात काँगोच्या जंगलातल्या बोनोबोंचा अभ्यास आला: ते दोन हाका जोडतात, आणि काही जोड्यांचा अर्थ सुट्या हाकांच्या नुसत्या बेरजेहून वेगळा असतो. त्या हाका त्यांना कुणी माणसाने शिकवलेल्या नव्हत्या.