बाजारात न आलेली मोटार

येवल्यातील विणकराच्या घरी गेल्यास प्रथम कानी पडतो तो हातमागाचा ठोका. रेशमाच्या व जरीच्या लहान लहान तिल्ल्या ताण्याच्या उभ्या धाग्यांतून फिरवीत विणकर पदरावर मोर आणि पोपट उठवितो. नक्षी दाट असली, तर एका पैठणीला कित्येक महिने लागतात. परंतु मागावरून उतरताच ती विक्रीयोग्य होते. तिच्यासारखी दुसरी एकही विणली गेली नाही, तरी घेणाऱ्याचे काही अडत नाही.

सर्वच वस्तूंचे असे नसते. येवल्याप्रमाणेच विणकामासाठी प्रसिद्ध असलेल्या इचलकरंजीत शंकरराव कुलकर्णी नावाचे गृहस्थ राहत असत. त्यांचे शालेय शिक्षण थोडेच झाले होते. पण सामान्य कुटुंबाला परवडेल अशी लहान मोटार आपल्याच देशात तयार व्हावी, या ध्यासाने त्यांना झपाटले होते. १९४९ साली त्यांनी दोन माणसे बसतील अशी पहिली मोटार बांधली. तिचे नाव मीरा. एवढ्यावर न थांबता त्यांनी पुढील पंचवीस वर्षांत एकामागून एक सुधारलेल्या मोटारी बांधल्या. इंजिन मागच्या बाजूस बसविले. धक्के सोसण्यासाठी पोलादी कमानींऐवजी रबराचा उपयोग केला. १९७५ च्या सुमारास मीरेची किंमत सुमारे १२,००० रुपये राहील, असा त्यांचा अंदाज होता. मोटार रस्त्यावर धावली, लोकांनी कौतुक केले. पण ती विक्रीला मात्र कधीच आली नाही.

असे का व्हावे? हाताने बांधलेली एक मोटार म्हणजे केवळ नमुना होय. गिऱ्हाइकाला तशाच हजारो मोटारी हव्या असतात. एकीचा भाग दुसरीला तंतोतंत बसला पाहिजे, आणि तो मोडल्यास दूरच्या गावीही मिळाला पाहिजे. त्यासाठी साचे, यंत्रे, कुशल कामगार आणि अफाट भांडवल लागते. शिवाय त्या काळी मोटारींचा कारखाना काढण्यास सरकारी परवाना आवश्यक असे. एकट्या माणसाच्या बुद्धीने नमुना सिद्ध होतो. बाकीचा भार तिला पेलत नाही. ही गोष्ट शंकररावांना उणेपणा आणणारी आहे, असे मात्र मुळीच नव्हे.

मुलांनो, तुम्हांला आवडणाऱ्या संगणकावरील खेळांनाही हे चुकलेले नाही. २०१२ साली अमेरिकेत ‘स्टार वॉर्स १३१३’ या खेळाची घोषणा झाली. त्यातील काही दृश्येही दाखविण्यात आली, आणि ती पाहून खेळ जणू तयारच आहे असे वाटे. वस्तुतः बरेच काम व्हावयाचे होते. तो करणारी संस्था मध्यंतरी दुसऱ्या कंपनीने विकत घेतली होती. त्या कंपनीने २०१३ साली संस्थेतील खेळनिर्मितीचे काम बंद केले आणि खेळ तेथेच राहिला. येथे भांडवलाची वाण नव्हती, हे विशेष!

भारतात सामान्य कुटुंबासाठी लहान मोटार अखेर १९८३ साली आली. तिच्यामागे सरकारी कंपनी होती, जपानच्या सुझुकी कंपनीचे तंत्रज्ञान होते, आणि एकसारख्या मोटारी मोठ्या संख्येने बाहेर काढणारा कारखाना होता. तिचे नाव मारुती.