सौभाग्यवतीची साठी

घरातील कर्त्या पुरुषास साठ वर्षे पूर्ण होण्याचा सुमार आला म्हणजे सहा महिने आधीपासून घरात हालचाल सुरू होते, हा अनुभव आमच्या बहुतेक वाचकांस असेल. गुरुजींकडे खेपा होतात, उग्ररथ शांतीच्या साहित्याची यादी येते, लेकीजावयांना पत्रे जातात, आणि ज्याची साठी तो गृहस्थ ‘हे सर्व कशाला?’ असे तोंडाने म्हणत मनातून सुखावत असतो. आम्ही स्वतः सन २०२३ मध्ये हा सोहळा अनुभवला. मार्कंडेयाचे व सप्तचिरंजीवांचे पूजन झाले, कलशातील पाण्याचा अभिषेक झाला, तुपाने भरलेल्या काशाच्या वाटीत आम्ही आपले मुखावलोकन केले, आणि सायंकाळी घरातील सुवासिनींनी साठ दिव्यांनी आम्हांस ओवाळिले. छायाचित्रे निघाली. त्यांपैकी एकीमध्येही आमच्या सौभाग्यवतीची मुद्रा नीट दिसत नाही. ती एकतर वाढीत आहे, नाहीतर कोणाला तरी हाक मारीत आहे.

यंदा साठी तिची आहे.

ही गोष्ट आमच्या ध्यानात आणून दिली ती आमच्या सूनबाईंनी. घरात आम्ही तिघे बंधू, आमच्या वहिनी, धाकट्या भावजयी, मुले, सुना, नातवंडे आणि वरती सत्त्याऐंशी वर्षांच्या मातोश्री, असा परिवार आहे. सूनबाईंनी रात्रीच्या जेवणानंतर सर्वांसमक्ष विचारिले, “आईंच्या साठीचे काय ठरविले आहे?” ठरविलेले काहीच नसल्यामुळे आम्ही पानदान पुढे ओढले. चिरंजीवांनी मात्र तत्काळ तारीख सांगितली. १ जून, सोमवार. कार्यालय आजच ठरवून टाकावे.

दुसरे दिवशी पंचांग उघडून पाहतो तो पहिली अडचण पुढे आली. यंदाच्या म्हणजे शके १९४८ च्या वर्षी ज्येष्ठ अधिक आहे. १७ मे ते १५ जून या धोंड्याच्या महिन्यात १ जून बरोबर मध्यावर येतो. अधिकमासात दाने द्यावी, जावयास तेहतीस अनारशांचे वाण द्यावे, परंतु असली काम्य कर्मे करू नयेत, असा आमच्या घरचा परिपाठ आहे. चिरंजीवांचे म्हणणे, शांती राहू द्या, समारंभ तरी करू. या वादाचा निकाल लागण्यापूर्वीच स्वयंपाकघरातून सौभाग्यवतीचा आवाज आला. “एक जून हा वाढदिवस मास्तरांचा. माझा नव्हे.”

वाचकहो, आमच्या विवाहास अडतीस वर्षे झाली. या अडतीस वर्षांत आम्ही दर १ जूनला तिला काही ना काही आणून दिले आहे. पहिली कित्येक वर्षे मोगऱ्याचा गजरा, पुढे साडी, अलीकडे मुले केक आणीत आणि ती तो हसून कापी. हा दिवस तिचा नव्हे, ही गोष्ट आम्ही त्या दिवशी प्रथम ऐकिली!

आता या १ जूनचे रहस्य महाराष्ट्रात कोणास सांगावयास नको. १९६९ चा जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा होण्यापूर्वी खेडोपाडी जन्मलेल्या मुलामुलींस शाळेत घालण्याची वेळ आली म्हणजे मास्तर बापास विचारीत, ‘जन्म कधीचा?’ बाप सांगे, ‘पेरण्या चालू होत्या,’ किंवा ‘गणपती नुकतेच गेले होते.’ मास्तर वेळ न दवडता रजिस्टरात १ जून लिहून टाकीत. मुलगा वयात बसतो, शाळा भरते, काम संपते. या मास्तरांच्या लेखणीने अशी असंख्य मंडळी एकाच दिवशी जन्मास आली, आणि सरकारी नोकरीतून ३१ मे रोजी एकदम निवृत्तही होऊ लागली. आमची सौभाग्यवती माध्यमिक शाळेत गणित शिकवीत असे. तीही दाखल्यावरील तारखेप्रमाणे अठ्ठावन्न वर्षे पुरी करून ३१ मे २०२४ रोजी निवृत्त झाली. खरी तारीख लागली असती तर तिला आणखी तीन महिने पगार मिळाला असता, हे पुढे हिशेबाने निघाले. परंतु तो हिशेब तिने केव्हाच केलेला होता. आम्हीच तो आता केला.

मग खरा दिवस कोणता? तिला विचारिले तर “श्रावणातला कुठला तरी. मावशीला ठाऊक असेल,” एवढेच उत्तर. मावशी चौऱ्याऐंशीच्या आहेत, चिपळूणजवळच्या खेड्यात असतात, आणि कानांनी अधू असल्या तरी स्मरणाने मुळीच नाहीत. दूरध्वनीवर आम्ही ओरडून प्रश्न विचारिला, त्यांनी शांतपणे उत्तर दिले. “अहो, दोन श्रावणांचं साल ते. धोंडा संपला, खरा श्रावण लागला, आणि नागपंचमीच्या आदल्या दिवशी ही झाली. ताईचा उपास होता. भावाचा उपास मोडायचा नाही म्हणून ती दिवसभर पाण्यावर होती.”

पंचांगाची थोडीबहुत आवड असलेल्यांस यापुढचे कोडे सोपे आहे. अधिक श्रावण १९४७, १९६६, १९८५, २००४ आणि २०२३ या सालांत आला. चंद्र आणि सूर्य यांच्या गती सुमारे एकोणीस वर्षांनी पुन्हा जुळतात, त्याचा हा परिणाम. म्हणजे तिचा जन्म शके १८८८, निज श्रावण शुद्ध चतुर्थी; इंग्रजी मानाने १९६६ च्या ऑगस्टचा तिसरा आठवडा. मास्तरांनी तिला अडीच महिन्यांनी वडील केले होते. याच एकोणीस वर्षांच्या नियमाने माणसाच्या एकोणिसाव्या, अडतिसाव्या, सत्तावन्नाव्या आणि शहात्तराव्या वाढदिवशी तिथी आणि तारीख एकत्र येतात, निदान एखाद्या दिवसाच्या अंतरावर येतात. तिचा सत्तावन्नावा वाढदिवस २०२३ च्या ऑगस्टात तसा आला होता. त्या वर्षी घरात आमच्या साठीची छायाचित्रे चिकटवहीत लावण्याचे काम चालू होते.

तिचे जन्मसंवत्सर पराभव. साठ संवत्सरांचे चक्र पुरे होऊन यंदाच्या गुढीपाडव्यास, १९ मार्च २०२६ रोजी, पुन्हा पराभव संवत्सरच लागले. साठीचा खरा अर्थ हाच की माणूस आपल्या जन्मसंवत्सरास परत येऊन भेटतो. या अवधीत गुरूच्या पाच आणि शनीच्या दोन प्रदक्षिणाही जवळजवळ पुऱ्या होतात. संवत्सराचे नाव अशुभ वाटते खरे. परंतु या नावाखाली जन्मलेल्या व्यक्तीचा पराभव आमच्या घरात तरी कोणी केलेला आम्ही पाहिला नाही.

दिवस ठरला, आणि खरा प्रश्न पुढे आला. द्यावयाचे काय आणि करावयाचे काय?

सूचनांस तोटा नव्हता. वहिनींचे मत पैठणीस. येवल्याची, हातमागाची, जिच्या पदरावरील मोर दोन्ही बाजूंनी सारखेच दिसतात अशी अस्सल पैठणी घ्यावी. पण ती तयार होण्यास कारागिरास महिनेच्या महिने लागतात, तेव्हा आजच सांगून ठेवावे. धाकट्या भावजयीचे म्हणणे सोने. चिरंजीवांचा अंदमानच्या सहलीचा आग्रह. कन्या परदेशी असते. तिने पत्रात लिहिले की आईला साठ मैत्रिणींची साठ पत्रे गोळा करून द्यावी. कल्पना आम्हांस गोड वाटली. तथापि साठ मैत्रिणी कोणाच्या असतात? एकत्र कुटुंबात नांदलेल्या बाईला मैत्रीण म्हणजे बहुधा जाऊच, आणि ती पत्र कशास लिहील? ती शेजारी बसून भाजी निवडीत असते.

अखेर आम्ही सौभाग्यवतीसच विचारिले. उत्तर, “मला काही नको.”

या तीन शब्दांविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते. घराघरांतून हे शब्द उच्चारिले जातात आणि पुरुषवर्ग ते खरे मानून मोकळा होतो. आम्हीही मानीत आलो. त्यांचा अर्थ प्रसंगाप्रमाणे बदलतो. पैठणीविषयी ‘काही नको’ म्हणजे कपाटात दोन पडल्या आहेत, त्या नेसून जावे असे वर्षातून एखादेच कार्य निघते. सोन्याविषयी ‘काही नको’ म्हणजे बँकेच्या लॉकरात ठेवावयास आणखी एक डबी. अंदमानाविषयी ‘काही नको’ म्हणजे सर्व मंडळी बरोबर येणार, आणि औषधांच्या पिशव्या व मुलांचे कपडे तेथेही आपणच सांभाळावयाचे. परंतु शांतीविषयी विचारिले तेव्हा ती ‘नको’ म्हणाली नाही. ती काहीच बोलली नाही.

आमच्या वडील बंधूंनी येथे शंका काढली. आपल्याकडे शांती व्हावयाची ती पुरुषाची, बायको शेजारी बसते, तेवढ्याने तिचीही झाली असे मानतात. बायकांची निराळी करण्याचा प्रघात आहे काय? दादा वडील, त्यांस उलट बोलणे आमच्याने होत नाही. शिवाजीमहाराजांनी १६६५ साली महाबळेश्वरास जिजाबाईंची सुवर्णतुला केली, एवढे आम्ही पुटपुटलो. पण तुला निराळी आणि शांती निराळी, हे आम्हांसही समजत होते.

उत्तर मातोश्रींनी दिले. त्या झोपाळ्यावर वाती वळीत बसल्या होत्या.

“यांचे सहस्रचंद्रदर्शन केलेत, ते मला आठवते,” त्या म्हणाल्या. “माझे हजार चंद्र कोणी मोजले होते?”

कोणी काही बोलले नाही. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सुमारे साडेएकोणतीस दिवस धरिले तर हजार पौर्णिमांस ऐंशी वर्षे आणि दहा महिने लागतात. मातोश्रींचे हजार चंद्र सहा वर्षांपूर्वीच पुरे होऊन गेले. तेव्हा वडील हयात नव्हते, आणि म्हणून हा प्रश्न कोणाच्या मनातही आला नाही. दादांनी चष्मा काढून पुसला. मग ते म्हणाले, “गुरुजी आम्ही पाहतो.”

गुरुजी न मिळता गुरुजीबाई मिळाल्या. पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीने स्त्रियांस पौरोहित्याचे शिक्षण देण्यास आरंभ केल्यास बरीच वर्षे झाली; तेथे शिकलेल्या एक बाई येथवर येण्यास कबूल झाल्या. त्यांनी दादांच्या शंकेचे निरसन दोन वाक्यांत केले, आणि दादांनी ते विशेष आढेवेढे न घेता मान्य केले, ही गोष्ट आम्ही मुद्दाम नमूद करून ठेवितो.

तिथीप्रमाणे श्रावण शुद्ध चतुर्थी १६ ऑगस्टला, रविवारी येते. आदल्या दिवशीची स्वातंत्र्यदिनाची सुटी धरून मुलांस दोन दिवस मोकळे सापडतात. अडचण एकच, त्या दिवशी तिचा उपास! भावासाठी नागचतुर्थीचा उपास ती लहानपणापासून करीत आली आहे, आणि साठीकरिता तो मोडण्याची गोष्ट काढताच तिच्या कपाळास आठी पडली. होमास उपास आड येत नाही, येतो तो पंगतीस. तेव्हा पंगत उपासाचीच करावयाचे ठरले. वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, काकडीची कोशिंबीर आणि दह्याचे वाडगे. प्रथम नाक मुरडणारे चिरंजीव आता साबुदाण्याच्या वड्यांची संख्या ठरवीत आहेत. हे सर्व बाहेरचा आचारी करील. घरातील एकाही बाईने त्या दिवशी चुलीपाशी जावयाचे नाही, आणि सौभाग्यवतीने पहिल्या पंगतीस, वहिनींच्या शेजारी बसावयाचे, एवढी अट तिने स्वतः घातली. इतक्या वर्षांत तिने आम्हांपुढे घातलेली ही पहिलीच अट असावी. वहिनी हे ऐकून हसल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे मलाही बसायला मिळेल.”

आणि भेट? ती मावशींशी झालेल्या आमच्या संभाषणातूनच सापडली. “नागपंचमीला लेकी माहेरी येतात,” मावशी बोलता बोलता म्हणाल्या होत्या, “ही लग्नानंतर एकदाच आली.” एकदाच! शाळेस सुटी नसे, घरात पुरणाची दिंडे उकडावयाची असत, मातोश्रींचे पथ्य असे, मुलांच्या परीक्षा असत. कारणे सर्व खरी होती.

म्हणून १७ तारखेस नागपंचमीच्या सकाळी ती आणि तिची धाकटी बहीण अशा दोघी कुंभार्ली घाट उतरून माहेरी जातील आणि पंधरा दिवस राहतील. आम्ही बरोबर जावयाचे नाही. ही सूचना आमचीच, तरी ती तिने इतक्या त्वरेने मान्य केली की आम्हांस किंचित चमत्कारिक वाटले. या पंधरा दिवसांत कोणती किल्ली कोठे आहे, इसबगोल कोणत्या डब्यात, दूधवाल्याचे किती द्यावयाचे, असले प्रश्न तिला दूरध्वनीवर कोणीही विचारू नयेत, असा ठराव झाला आहे. सूनबाई सध्या तिच्याजवळ बसून या सर्वांची वही तयार करीत आहेत. वहीची चाळीस पाने भरली आणि अजून कोठीची खोली बाकी आहे.

मातोश्रींच्या हजार चंद्रांचे वाण त्याच होमात द्यावे की त्यांचे कार्य निराळे करावे, याविषयी गुरुजीबाईंना विचारिले आहे. मातोश्रींचे स्वतःचे म्हणणे, “आधी तिचे होऊ द्या.”

काल शांतीच्या साहित्याची यादी आली. तीळ, तूप, काशाची वाटी, दर्भ, सुपाऱ्या, आठ कलश. खाली गुरुजीबाईंनी सूचना लिहिली आहे की संकल्प सौ.च्या नावे सुटेल आणि आहुती तिच्या हातून पडतील. आजपर्यंत आम्ही आहुती देत असू आणि ती उजवीकडे बसून आमच्या हाताला हात लावी. यंदा हात आम्ही लावावयाचा आहे. तो नेमका कोठे व किती वेळ लावावयाचा असतो, हे आम्ही काल तिला विचारिले. “पूर्णाहुतीपर्यंत काढायचा नाही,” ती म्हणाली, “आणि मध्येच उठून कोणाला हाक मारायची नाही.”