अपघाताची नोंद : उपचाराइतकीच आवश्यक

अपघातग्रस्त रुग्ण रुग्णालयात आणला जातो तेव्हा नातेवाइकांचे सारे लक्ष त्याच्या जिवाकडे लागलेले असते, आणि ते स्वाभाविकच आहे. अशा वेळी अपघात विभागातील डॉक्टर 'अपघात कोठे झाला, किती वाजता झाला, रुग्ण तेव्हा कोणते काम करीत होता' असे प्रश्न विचारू लागले, की अनेकांना ती निव्वळ कागदोपत्री दिरंगाई वाटते. हे प्रश्न का विचारले जातात आणि त्यांची उत्तरे रुग्णाच्या कुटुंबाला पुढे कशी उपयोगी पडतात, हे आमच्या हितचिंतकांना व रुग्णांच्या आप्तांना समजावे, यासाठी हा लेख.

आधी उपचार, मग कागद

'पोलीस आल्याशिवाय डॉक्टर हात लावत नाहीत' हा समज अजूनही आढळतो. सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा प्रकरणात १९८९ मध्येच स्पष्ट केले, की जखमीचा जीव वाचविणे हे डॉक्टरांचे पहिले कर्तव्य असून कायद्याचे सोपस्कार त्यानंतरचे होत. रस्त्यावरील जखमीला घेऊन येणाऱ्या परोपकारी व्यक्तीसही भिण्याचे कारण नाही. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार तिला आपले नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही.

नोंदीत काय असते ?

अपघात, विषबाधा, भाजणे, मारहाण अशा प्रकरणांची नोंद 'एमएलसी' म्हणून स्वतंत्र नोंदवहीत होते व पोलीस ठाण्यास सूचना जाते. रुग्णाचे नाव, आणणाऱ्याने किंवा रुग्णाने सांगितलेली हकीकत, अपघाताची व दाखल होण्याची वेळ, प्रत्येक जखमेचे स्थान, आकार व स्वरूप हे सारे त्यात येते. 'उजव्या हाताची दोन बोटे तुटली' एवढे लिहून ही नोंद पुरी होत नाही; ती मळणीयंत्रात तुटली, की दारात अडकून, हेही लिहावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत जखमेसाठी एक आणि तिच्या बाह्य कारणासाठी दुसरा, असे वेगळे संकेतांक आहेत, ते याचसाठी. दोष कोणाचा, हे मात्र आमची नोंद ठरवीत नाही. तो निर्णय तपासयंत्रणेचा व न्यायालयाचा.

'घरीच पडलो'

बांधकामावरून पडलेला मजूर 'घरीच पडलो' असे सांगतो, ही अपघात विभागातील परिचित गोष्ट आहे. 'खर्च मी करतो, कामाचे नाव काढू नका', असे ठेकेदाराने किंवा मुकादमाने बजावलेले असते. कुटुंबाला त्या क्षणी हातात येणारे पैसे दिसतात. परंतु अपंगत्व कायमचे आले आणि मदत थांबली, तर पहिल्या दिवशीचा तोच कागद आड येतो. कामावर झालेल्या इजेची भरपाई हा कामगाराचा कायदेशीर हक्क आहे. अपघाताची सूचना मालकास शक्य तितक्या लवकर द्यावी आणि दावा दोन वर्षांच्या आत करावा, ही १९२३ च्या कायद्यातील अट २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे.

वेळ आणि स्थळ यांचे मोल एका उदाहरणाने स्पष्ट होईल. महाराष्ट्रातील एका साखर कारखान्याचा पहारेकरी २००३ साली पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलने जात असता, कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर अपघातात मरण पावला. हा कामावरील अपघात नव्हे, असे उच्च न्यायालयाने म्हटले होते. पाळीची वेळ, अपघाताची वेळ व जागा यांचा कामाशी असलेला संबंध ध्यानात घेऊन सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये त्याच्या कुटुंबाची भरपाई कायम केली.

शेतकरी कुटुंबांनाही हेच लागू आहे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने चालणाऱ्या राज्य शासनाच्या अपघात अनुदान योजनेत वीज पडणे, सर्पदंश, विजेचा धक्का अशा अपघाती मृत्यूस दोन लाख रुपयांचे साहाय्य आहे. पण मृत्यू अपघाती होता, हे कागदांनीच सिद्ध करावे लागते.

एका नोंदीतून अनेकांचे रक्षण

नोंदी एकत्र पाहिल्या, की धोका कोठे आहे ते दिसू लागते. मळणीयंत्रात हात गमावणाऱ्यांचा प्रश्न पुढे आल्यानंतर संसदेने १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला. सर्पदंशाचा प्रत्येक रुग्ण नोंदविणे बंधनकारक करावे, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना नोव्हेंबर २०२४ मध्ये सुचविले. कोणत्या तालुक्यात प्रतिविषाचा साठा हवा, हे अशा नोंदींवाचून कळणार नाही.

आमची विनंती

नातेवाइकांनी घडले तेच व तसेच सांगावे. कामाचे ठिकाण, मालक किंवा ठेकेदार यांचे नाव व वेळ आवर्जून नोंदवावी. एमएलसी क्रमांक टिपून ठेवावा आणि घरी जाताना मिळणारे कार्ड व क्ष-किरण चित्रे जपावीत.

देणगीदारांच्या औदार्यातून उभी राहिलेली शस्त्रक्रियागृहे सर्वांना दिसतात; नोंदवह्यांचे कपाट सहसा कोणाच्या नजरेस पडत नाही. परंतु घरातील कमावता हात गेलेले कुटुंब वर्षभराने एका कागदाच्या शोधात आमच्याकडे येते, तेव्हा तो कागद त्या कपाटात असावा लागतो. आपल्या साहाय्याचा तोही एक विनियोग आहे.