वय एका रात्रीत वाढत नाही

घरोघरी जाऊन अतिवृद्धांची सेवा करताना एक वाक्य मला सारखे ऐकू येते : "वयच झालंय, चालायचंच." बऱ्याचदा ते खरेही असते. पण कालपर्यंत सुनेला नावाने हाक मारणाऱ्या आजी आज तिला ओळखत नसतील, तर तो वयाचा दोष नाही.

स्मृतिभ्रंश महिनोन् महिने हळूहळू वाढतो. भ्रम मात्र काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत होतो आणि कमी-जास्त होत राहतो. सकाळी माणूस नीट बोलतो, दिवेलागणीनंतर बरळू लागतो, "गाडी चुकेल" म्हणत मध्यरात्री दाराशी जातो. जुनी माणसे याला 'वात झाला' म्हणत. काही जण उलट गप्प होतात, दिवसभर झोपून राहतात, घास तोंडात तसाच धरून ठेवतात. घरच्यांना वाटते, आज आजोबांनी त्रास दिला नाही. मला या शांततेचीच जास्त धास्ती वाटते.

यामागे बहुधा शरीराचे दुखणे असते : लघवीतील जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, कमी झालेली साखर. नव्वदीत जंतुसंसर्ग झाला तरी ताप चढेलच असे नाही. त्यामुळे थर्मामीटरवर विसंबू नये. सर्दीच्या किंवा झोपेच्या साध्या गोळीनेही भ्रम होऊ शकतो. रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असेल, तर रक्तातले सोडियम उतरण्याची शक्यता असते.

शिवाय या वयात तहान कमी लागते. ९२ वर्षांच्या एक आजी दुपारनंतर पाण्याला तोंडच लावत नसत. खोदून विचारले तेव्हा हळूच म्हणाल्या, "रात्री सुनेला उठवावं लागतं गं, मावशी." पलंगाशेजारी कमोडची खुर्ची ठेवली, तेव्हा कुठे त्या संध्याकाळचे ताक घेऊ लागल्या. असा संकोच कोणत्याही तपासणीत दिसत नाही. (हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास किती पाणी द्यायचे हे डॉक्टरांना विचारावे.)

असा बदल दिसला की त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. तोंड वाकडे झाले, जीभ जड झाली किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, तर थेट रुग्णालय गाठावे. मधुमेहाची औषधे चालू असतील, तर लगेच साखर तपासावी. रुग्णाला बांधून ठेवू नये, रागावू नये. चष्मा आणि कानाचे यंत्र लावून द्यावे, खोलीत मंद दिवा ठेवावा, ओळखीच्या माणसाने जवळ बसावे. झोपेची गोळी आपल्या मनाने देऊ नये.

डॉक्टरांना सांगताना "कालपासून बदल झाला आहे" हे आधी सांगावे. नाहीतर त्यांनाही वाटते, आजी पहिल्यापासून अशाच. आणि औषधांची पिशवी आहे तशी उचलून न्यावी. त्यात चाटण, काढा आणि शेजाऱ्याने दिलेली गोळीसुद्धा असू द्यावी.