सारथ्यावांचून रथ

रथ म्हटला कीं सारथि आलाच, अशी आपली शेंकडों वर्षांची समजूत आहे. रथ नीट चालला तर कौतुक सारथ्याचें, आणि खड्ड्यांत गेला तर बोल लागावयाचा तोहि सारथ्यालाच. बैलगाडी मागें पडली, टांगा गेला, मोटार आली. तरी पुढच्या जागेवर बसणाऱ्या माणसाचा हा मान आणि हें ओझें कायमच राहिलें. आतां मात्र ती जागाच रिकामी होऊं लागली आहे. अमेरिकेंतील फिनिक्स शहरीं २०२० सालापासून, आणि पुढें सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिस वगैरे शहरींहि, चालकाच्या जागीं कोणी नसलेल्या भाड्याच्या मोटारी रस्त्यानें हिंडतात. उतारू मागें बसतो, दार लागतें, चक्र आपोआप फिरूं लागतें आणि गाडी मुक्कामास पोंचते. अरबी सुरस गोष्टींत शोभावें असें हें वर्णन तेथें रोजचा व्यवहार होऊन बसलें आहे.

अशा गाडीनें एखाद्यास चिरडलें, तर हात कोणाचा धरावयाचा ? हा विचार कायदेपंडितांवर सोंपवून आपण स्वस्थ बसावें, असें कित्येकांस वाटेल. परंतु प्रश्न दिसतो तितका दूरचा नाहीं. तो निराळ्या वेषानें आपल्या उंबरठ्याच्या आंत केव्हांच आलेला आहे, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम एक घडलेली हकिकत पाहूं. ता. १८ मार्च २०१८ रोजीं रात्रीं, ॲरिझोना राज्यांतील टेंपी या गांवीं, एक बाई आपली सायकल हातानें ढकलीत रुंद रस्ता ओलांडीत होती. उबर कंपनीची, प्रयोगादाखल आपोआप चाललेली मोटार तिच्यावर आदळली व ती मरण पावली. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानें चौकशी करून २०१९ च्या नोव्हेंबरांत आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला, तो मननीय आहे. गाडीच्या यंत्रास ती बाई टक्कर होण्यापूर्वीं ५.६ सेकंद आधींच दिसली होती. पण दिसणें निराळें आणि ओळखणें निराळें. यंत्रानें तिला कधीं वाहन ठरविलें, कधीं सायकल ठरविलें, तर कधीं ‘इतर’ या सदरांत टाकलें. आणि दर वेळीं नांव बदललें कीं तिची मागची चाल विसरून नव्यानें हिशेब मांडला. पट्ट्यांबाहेरूनहि माणूस रस्ता ओलांडतो, ही गोष्ट त्यास शिकविलेलीच नव्हती. टक्कर अटळ आहे असें कळलें, तेव्हां १.२ सेकंद उरले होते. त्यांतहि खोट्या धास्तीनें गाडी वारंवार अडूं नये म्हणून अशा प्रसंगीं एक सेकंद थांबूनच हालचाल करावी, असा धडा त्यास आगाऊ दिलेला होता. मूळ कारखान्यानें बसविलेली आपोआप ब्रेक लावण्याची योजना गाडींत होती. प्रयोग चालू असतांना तीहि बंद ठेवलेली होती. देखरेखीसाठीं नेमलेली बाई त्या क्षणीं मोबाईलकडे पाहत होती. पूर्वीं अशा गाडींत दोन माणसें असत. त्यांतील एक कंपनीनें कांहीं महिन्यांपूर्वींच कमी केलें होतें.

मंडळानें दोषाची वांटणी केली ती अशी : देखरेख करणारीचें दुर्लक्ष हें मुख्य कारण, कंपनीची अपुरी दक्षता, पट्ट्यांबाहेरून रस्ता ओलांडणें आणि राज्य सरकारची ढिलाई हीं सहायक कारणें. परंतु फौजदारी न्यायालयांत काय झालें ? कंपनीवर खटला भरण्यास आधार नाहीं, असें सरकारी वकिलानें मार्च २०१९ मध्यें ठरविलें. खटला झाला तो एकट्या त्या नोकर बाईवर. तिनें २०२३ सालीं गुन्हा कबूल केला व तीन वर्षें देखरेखीखालीं राहण्याची शिक्षा भोगावयास घेतली. चौकशींत दोषाचे वांटेकरी अनेक. शिक्षेच्या वेळीं मात्र पंक्तीला एकच पान!

आतां या वाक्यांत कर्ता कोण, हें व्याकरणाच्या दृष्टीनें पाहूं. पाणिनीनें कर्त्याचें लक्षण स्वातंत्र्य हें सांगितलें आणि लगेच पुढच्या सूत्रांत, त्या कर्त्यास जो प्रवृत्त करतो त्यास ‘हेतु’ ही संज्ञा देऊन त्यालाहि कर्ता मानलें. क्रियेचें जें साधन तें करण. ‘तलवारीनें तोडलें’ यांत तलवार करण आहे. ‘ही तलवार सुरेख तोडते’ असेंहि आपण म्हणतों. पण तेथें तलवारीस मिळालेलें कर्तेपण बोलणाऱ्याच्या विवक्षेचें असतें, म्हणून कोणी तलवारीस तुरुंगांत टाकीत नाहीं. ‘स्वयंचलित मोटारीनें बाईस ठार केलें’ असें जेव्हां आपण म्हणतों, तेव्हां करणाला कर्त्याच्या आसनावर बसवितों आणि खरा प्रयोजक मागच्या दारानें निघून जातो. एक सेकंद थांबावें, हें कांहीं त्या मोटारीनें ठरविलें नव्हतें. कोणा माणसांनीं मेजाभोंवतीं बसून, गाडीस फार गचके बसूं नयेत या विचारानें तें ठरविलें होतें.

हा प्रश्न अगदींच नवा आहे असें मात्र मानूं नये. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत वाहनाच्या अपघाताचा स्वतंत्र विचार आहे. वाहन, चालक आणि मालक या तिघांना दहा प्रसंगीं दोषमुक्त मानलें आहे : बैलाची वेसण तुटणें, जूं मोडणें, आंस किंवा चाक मोडणें, लगाम तुटणें, आणि चालकानें ‘बाजूला व्हा’ म्हणून ओरडून सांगितलें असणें, असे ते प्रसंग होत. एरवीं दंड आहेच. आणि त्याची वांटणी मोठी मार्मिक आहे. चालक अनाडी असल्यामुळें गाडी भरकटून इजा झाली, तर दोनशें पणांचा दंड मालकास. चालक कुशल असेल तर दंड चालकास. आणि अकुशल चालकाच्या गाडींत बसलेल्या उतारूंनाहि प्रत्येकीं शंभर. चालक नवशिका आहे हें पाहून जो गाडींत बसला, तोहि सर्वस्वीं निर्दोष नाहीं, असा याचा आशय दिसतो.

हीच फूटपट्टी आज लावून पाहावी. यंत्र अर्धशिक्षित असतांना तें रस्त्यावर सोडणारा मालक दंडास पात्र. यंत्र कुशल आहे अशी ग्वाही देऊन विकलें, तर ग्वाही देणारा निर्माता हाच सारथि. आतां कंपन्या म्हणतील कीं, आज्ञावलींतील बिघाड म्हणजे आमची तुटलेली वेसणच होय. पण वेसण तुटते ती न सांगतां, कोणाच्या इच्छेवांचून. यंत्राला लावलेली संवय ही मात्र विचारपूर्वक घातलेली असते. हा भेद नजरेआड होऊं देतां कामा नये.

कौटिल्य तर याहून एक पाऊल पुढें गेला आहे. अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणाच्या तेराव्या अध्यायांत तो सांगतो कीं, जें वाहन बालक चालवीत असेल किंवा ज्यावर माणूसच नसेल, तें राजानें जप्त करावें. त्याच्या डोळ्यांपुढें बेवारशी सुटलेली बैलगाडी होती, हें उघड आहे. तथापि तत्त्व स्पष्ट आहे : ज्याच्यामागें जबाबदार माणूस उभा नाहीं, त्या वाहनाचा राजमार्गावर हक्क नाहीं. ता. २ ऑक्टोबर २०२३ रोजीं सॅन फ्रान्सिस्को शहरीं दुसऱ्या एका मोटारीच्या धक्क्यानें फेंकली गेलेली बाई क्रूझ कंपनीच्या चालकहीन गाडीखालीं सांपडली. गाडी थांबली, आणि मग रस्त्याच्या कडेला जाऊन उभें राहण्याचा नियम पाळण्यासाठीं तिनें त्या बाईस सुमारें वीस फूट फरपटत नेलें. त्याच महिन्याच्या २४ तारखेस कॅलिफोर्नियाच्या मोटार खात्यानें कंपनीचे चालकहीन गाड्यांचे परवाने स्थगित केले. अपघाताची पुरी हकिकत अधिकाऱ्यांस न दिल्याबद्दल पुढें तिला दंडहि झाला. कौटिल्याचा नियम तिकडे कोणी वाचला नसेल. पण व्यवहारानें त्यांना त्याच जागीं आणून सोडलें.

पाश्चात्य देशांतील कायदा आतां जागा झाला आहे. ब्रिटनमध्यें २०१८ च्या कायद्यानें, गाडी आपोआप चालत असतां अपघात झाल्यास जखमीस प्रथम विमा कंपनीनें भरपाई द्यावी आणि मग खऱ्या दोषी पक्षाकडून ती वसूल करावी, असें ठरलें. ता. २० मे २०२४ रोजीं राजसंमति मिळालेल्या दुसऱ्या कायद्यानें, अधिकृत स्वयंचलित गाडी स्वतः चालत असतां तिच्या चालीबद्दल आंत बसलेल्या माणसास गुन्हेगार धरूं नये, ज्या संस्थेनें गाडीची हमी घेतली तिनें उत्तर द्यावें, असें तत्त्व मान्य केलें. अमेरिकेंत ऑगस्ट २०२५ मध्यें मायामीच्या ज्यूरीनें २०१९ सालच्या एका अपघातांत दोषाचा सुमारें दोन तृतीयांश भाग खालीं पडलेला फोन शोधणाऱ्या चालकावर आणि एक तृतीयांश टेस्ला कंपनीवर टाकला, व कंपनीनें सुमारें २४ कोटि डॉलर द्यावे असें म्हटलें. दोष वांटून घेतां येतो आणि तो वांटावा, ही समजूत अशा रीतीनें रूढ होऊं लागली आहे.

आतां घरच्या गोष्टीकडे वळूं. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांस दर नोव्हेंबरांत हयातीचा दाखला द्यावा लागतो, हें वाचकांस ठाऊक आहेच. अंगठा यंत्रावर ठेवून तो देण्याची सोय झाली, ती पुष्कळांना खरोखरच सुखाची आहे. परंतु पस्तीस वर्षें खडू धरलेल्या प्रस्तुत लेखकाच्या अंगठ्यावरील रेषा बऱ्याच झिजल्या आहेत. एका वर्षीं बँकेंत पांच वेळां अंगठा टेंकला; यंत्र ओळख देईना. खिडकीपलीकडे एक जुना विद्यार्थीच होता. तो संकोचून म्हणाला, “सर, आपण समोर बसलां आहांत हें मला दिसतें आहे, पण मशीन अंगठा घेत नाहीं.” मीं विचारलें, “मग मी हयात आहें कीं नाहीं, हें कोणीं ठरवावयाचें ?” तो म्हणाला, “सर, तें वरून ठरतें.” उत्तर वेदांतास धरून होतें, पण ‘वर’ म्हणजे कोठें, याचा पत्ता लागला नाहीं. दूरध्वनि करावा तर आधीं भाषेसाठीं एक आंकडा दाबावयाचा, मग कामासाठीं दुसरा. आणि शेवटीं, आपला वेळ आम्हांला मोलाचा आहे, असें सांगणारा तोच तो मंजुळ आवाज. दोन महिने वेतन अडलें.

खेद अंगठ्याचा नाहीं, पैशाचाहि नाहीं. ज्याला डोळे होते त्याला अधिकार नव्हता. ज्याला अधिकार होता त्या यंत्राला डोळे नव्हते. आणि ज्यानें हा अधिकार यंत्रास दिला, त्याला नांव नव्हतें. टेंपीच्या रस्त्यावर तरी याहून निराळें काय घडलें ? तेथें एका माणसाचा जीव गेला आणि येथें एका म्हाताऱ्याचे चार हेलपाटे झाले, एवढाच फरक. आणि तो फरक फार मोठा आहे, हें कोणीहि मान्य करील. पण रोग एकच आहे. ‘सर्व्हर बंद आहे’, ‘संगणक स्वीकारीत नाहीं’, ‘ओटीपी आला नसेल तर आम्ही काय करणार’, हीं वाक्यें आपण दिवसांतून चार वेळां ऐकतों व मुकाट्यानें घरीं परततों. या सर्व वाक्यांत कर्ता म्हणून एखादी वस्तु बसविलेली असते. नाचतां येईना अंगण वांकडें, ही जुनी म्हण. आतां तर नाचणारा दिसतच नाहीं, नुसतें अंगणच पुढें केलें जातें.

याचा अर्थ यंत्रें नकोत असा मात्र नव्हे. २०२२ या एका सालीं भारतांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मृत्यु पावलीं, असें सरकारी अहवाल सांगतो. आणि तेथें बहुतेक सर्वत्र सारथि माणूसच होता. यंत्र दारू पीत नाहीं, त्याला डुलकी लागत नाहीं, तें ईर्ष्येनें गाडी पुढें काढीत नाहीं. त्यानें जीव वांचत असतील तर त्याचें स्वागतच केलें पाहिजे.

आपल्याकडे चालकहीन मोटारींना केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनीं चालकांच्या पोटाचा विचार करून २०१७ सालीं व पुन्हां २०२३ सालीं विरोध दर्शविला. तथापि अर्धी वाट चालून ही विद्या आपल्या दारीं आलीच आहे. पट्टा धरून चालणाऱ्या आणि आपोआप ब्रेक लावणाऱ्या मोटारी येथें विकल्या जातात, आणि आपलींच मुलें त्या हौसेनें घेतात. अमेरिकेंतील मोटार-इंजिनियरांच्या संस्थेनें स्वयंचलनाच्या शून्यापासून पांचापर्यंत पायऱ्या ठरविल्या आहेत. या गाड्या फार तर दुसऱ्या पायरीच्या, म्हणजे माणसानें अखंड लक्ष ठेवलेंच पाहिजे अशा आहेत. जाहिरात कांहींहि म्हणो. चक्रावरचा हात काढला आणि अपघात झाला, तर जाब द्यावा लागेल तो चालकालाच, हें तरुणांनीं पक्कें ध्यानांत ठेवावें. आपल्या मोटार-कायद्यांत तिऱ्हाइतासाठीं विमा सक्तीचा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनें दोष सिद्ध न करतांहि मृत्यूबद्दल पांच लाख व गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये भरपाई ठरली आहे. जखमीला आधीं हातभार आणि दोषाचा वाद मागाहून, ही व्यवस्था उत्तम होय. पुढें यंत्र-सारथि आला तर हिच्याच पायावर इमारत रचतां येईल.

मात्र त्याआधीं, यंत्र मोटारींतलें असो कीं बँकेंतलें, तीन गोष्टी नागरिकांनीं मागून घ्याव्या. त्याच्या चुकीनें नुकसान झाल्यास भरपाई प्रथम कोण देणार, हें आधीं ठरलेलें असावें. काय घडलें याची नोंद केवळ यंत्र विकणाऱ्याच्या हातीं नसावी. आणि यंत्राचा निर्णय डोळ्यांदेखत चुकत असेल, तर तो फिरविण्याचा अधिकार जागेवर हजर असलेल्या कोणातरी माणसास, त्याच्या नांवानिशीं, दिलेला असावा. तो जुना विद्यार्थी अंगठ्याऐवजीं आपल्या सहीनें दाखला लिहिता, तर त्याची चूकहि त्याचीच राहिली असती आणि त्याचें शहाणपणहि. पुढच्या नोव्हेंबरांत खिडकीशीं जातांना प्रत्येक वृद्धानें ही मागणी लेखी द्यावी, आणि अर्जाची पोंच घेतल्याशिवाय घरीं परतूं नये.